पोर्ट ९००५

३ मार्च, सोमवार

लागला एकदाचा बोगदा. चार दिवस डोकं खाल्लं माझं. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्याला दोन महिने झाले आणि हे पहिलंच काम. या चार दिवसांत निदान दहा वेळा वाटलं, जुन्या साहेबांचे पाय धरावेत आणि गुपचूप परत जावं.

काम सांगायला सोपं. औषधांचा घाऊक पुरवठा करणाऱ्या कंपनीचं शहराबाहेर शीतघर आहे. आत इन्सुलिन. तापमान दोन ते आठ अंशांत राहायला हवं. वर गेलं तर औषध हळूहळू नासतं. शून्याखाली जाऊन गोठलं तर गेलंच, आणि वितळल्यावर बाटली बघून कुणाला कळतही नाही. म्हणून मी तिथे साबणाच्या डबीएवढा एक संगणक बसवला आणि त्याला सेन्सर लावला. तो आकडा मॅनेजरना ऑफिसात आणि मला घरी दिसला पाहिजे.

गोम अशी की डबीला सिमकार्डावरचं इंटरनेट. तिथून बाहेर पडता येतं, बाहेरून आत शिरता येत नाही. मग उलटा रस्ता. डबीच बाहेर पडते, मी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरपर्यंत कुलूपबंद बोगदा खणते आणि त्याला सांगते, बाबा रे, तुझ्या ९००५ नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, कुणी आलं की त्याला या बोगद्यातून माझ्याकडे धाड. एका दाराला एकच मालक, हा नियम.

चार दिवस रडगाणं हे की सर्व्हरवर बसून पाहिलं तर आकडा दिसायचा आणि बाहेरून पाहिलं तर ठणठणाट. सर्व्हर ते दार फक्त घरच्यांसाठी उघडत होता. सेटिंगमध्ये एका ओळीत 'नाही'चं 'हो' केलं आणि दिसायला लागलं. कपाळ माझं.

तिथले स्टोअरकीपर म्हणजे वहीवाले काका. हमाल त्यांना असंच म्हणतात. दर तासाला आत जातात, भिंतीवरच्या थर्मामीटरसमोर चष्मा वर करून उभे राहतात आणि वहीत आकडा लिहितात. सव्वीस वर्षं. मॅनेजर त्यांच्यासमोरच मला म्हणाले, "महिनाभर तुमचा आकडा नीट चालू दे, पुढची चार शीतघरंही तुमचीच. मग ही वही कशाला लागते?" काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. त्यांनी ऐकलं आणि वहीची वेळ झाली म्हणून आत गेले. मला ओशाळल्यासारखं झालं, पण मी काय त्यांना काढायला आलेय का? मी आकडा दाखवायला आलेय.

घरी या डबीची जुळी बहीण बनवली. तिच्या मेमरी कार्डाची नक्कल उतरवून, बोगद्याची तीच किल्ली, तेच नाव, त्याच कंपनीचं सिम. काहीही बदल आधी हिच्यावर करून बघायचा, मग तिकडे. सेन्सर आमच्या फ्रिजमध्ये सोडलाय. आईला अजिबात आवडलेलं नाही. "भाजीला ताप आलाय का बघतेस?" म्हणाली.

६ मार्च, गुरुवार

दुपारी बोगदा पडला. परत जोडला गेला, दिवा हिरवा, आणि आकडा गायब. मॅनेजरचा फोन: "तुमचं यंत्र झोपलंय का?"

लॉग, म्हणजे डबीची नोंदवही, उघडला. पोर्ट ९००५ आधीच वापरात आहे. म्हणजे काय, तर जुना बोगदा पडलाय हे सर्व्हरला कळलंच नाही, तो मेलेल्या मालकासाठी दार अडवून बसला. नवा बोगदा आला, दार मिळालं नाही, आणि हा शहाणा तक्रार न करता तसाच जोडलेला राहिला. जोडलेला आहे पण उपयोग शून्य.

दोन गोष्टी केल्या. सर्व्हरला सांगितलं, दर अर्ध्या मिनिटाने चाचपून बघ, पलीकडून उत्तर नाही आलं तर दार मोकळं कर. आणि डबीला सांगितलं, दार मिळालं नाही तर तिथे ताटकळू नकोस, मागे फिर आणि दहा सेकंदांनी पुन्हा ये. आधी जुळीवर करून पाहिलं, मग शीतघरावर. जमलं. मग जुळीचं बटण बंद केलं. उगाच दोघी एकाच दारावर नकोत.

७ मार्च, शुक्रवार

आईने सकाळी फ्रिज ओढून मागचं सगळं पुसून काढलं. मी लॉगमध्ये डोकं घालून बसलेली. "तुझ्या कामाचं काही हलवलेलं नाही हो," ती म्हणाली. "बटणंसुद्धा सगळी चालू आहेत ना ते बघितलं." मी हो हो म्हटलं.

पावणेबाराला शीतघराची वीज गेली. बोगदा पडला, आणि मिनिटाच्या आत आकडा परत पडद्यावर. ४.६. माझ्या दोन ओळींनी काम केलं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच चहा केला.

सर्व्हर दर दहा सेकंदांनी कुरकुर करतोय, कुणीतरी दार मागतंय म्हणून. इंटरनेटवर मोकळा सर्व्हर ठेवला की रिकामटेकडे येऊन कड्या वाजवतातच. सूचनांनी फोनचं डोकं फिरवलं तेव्हा सूचना बंद केल्या.

१२ मार्च, बुधवार

वहीवाल्या काकांचा फोन.

"मॅडम, काटा शून्याच्या खाली गेलाय. परवापासून. आज उणे तीन."

मी पडदा बघितला. ४.६, ४.७, ४.६. "काका, इथे साडेचार-पावणेपाच आहे."

"पंख्याजवळच्या खोक्यांवर बर्फाचा भुगा आहे हो."

"मग ती खोकी पंख्यापासून लांब ठेवा. आणि तो थर्मामीटर किती वर्षांचा आहे?"

"मी लागलो तेव्हापासूनचा."

"बघा म्हणजे."

मॅनेजरना सांगितलं तर ते हसले. "गरम झालं तर ओरडावं माणसाने. थंड झालं म्हणून कोण ओरडतं? त्याला वहीची नोकरी टिकवायचीय." मी त्यांना सांगायला हवं होतं की थंडीही वाईट, जास्तच वाईट. पण माझा आकडा ४.६ आहे, मग सांगायचं कशाबद्दल? काका खोटं बोलत असतील असं वाटत नाही. चष्मा जुना असेल.

१६ मार्च, रविवार

ताई आली होती, दोन्ही पोरांना घेऊन. घराचा पार बाजार झाला. पोरांना दर पाच मिनिटांनी गार पाणी, मग सरबत, मग बर्फ. फ्रिजचं दार दिवसभर उघडंच म्हणायचं. आई नातवंडांपुढे काही बोलत नाही. मी एक शब्द उच्चारला असता तर चार ऐकवले असते.

त्यातच शीतघराचा आलेख वेडावाकडा. सकाळी अकरापासून वर-खाली, दुपारी दीडला ९.१. रविवारी तिथे कुलूप, किल्ली काकांकडे. फोन केला.

"काका, दार कुणी उघडलंय?"

"कुणी नाही. मी घरी आहे मॅडम."

"तासातासाला उघडतंय कुणीतरी. मला इथे दिसतंय."

"किल्ली माझ्या खिशात आहे. मी घरात बसलोय. मग उघडेल कोण?"

माझा पारा चढला. मी उंटावरून शेळ्या हाकते असं त्या हमालांना वाटतं हे मला माहीत आहे, म्हणून जास्तच चढला. मॅनेजरना आलेख पाठवला. खाली लिहिलं: सुट्टीच्या दिवशी दार वारंवार उघडल्याचं दिसतं. ताई संध्याकाळी गेली तेव्हा आकडा हळूहळू पाचावर आला. तोवर तिकडचा जो कोण होता त्याचंही काम झालं असणार.

१८ मार्च, मंगळवार

आज काकांना काढलं.

मलाही बोलावलं होतं. टेबलावर एका बाजूला माझा आलेख, दुसऱ्या बाजूला त्यांची वही. वहीत उणे तीन, उणे चार, उणे चार. रविवारच्या पानावर काहीच नाही, कारण सुट्टी. मॅनेजर म्हणाले, "आकडे मनाने लिहायचे आणि रविवारी माल काढायचा, बरं चाललंय." माल कमी भरलेला नाही, हे त्यांनाही माहीत होतं. तरी म्हणाले.

काका त्यांच्याशी भांडले नाहीत. माझ्याकडे वळले. "मॅडम, एकदा आत येऊन हात लावून बघता का? हातच्या काकणाला आरसा कशाला? वीस पावलांवर दार आहे."

मी म्हटलं, "काका, कुणी हात लावायला यावं लागू नये म्हणून तर हे बसवलंय."

बोलून गेले. वाक्य चांगलं होतं म्हणून बोलून गेले, हे इथे लिहायला हरकत नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, किल्ली टेबलावर ठेवली. वही मागितली तर मॅनेजर म्हणाले, ती कंपनीची.

घरी आल्यावर आईला सांगितलं तर म्हणाली, "मग गेली का नाहीस वीस पावलं?" मी जेवले नाही.

२१ मार्च, शुक्रवार

नव्या माणसाने जाड स्वेटर मागितला म्हणून मॅनेजर फोनवर हसत होते. आत पाच मिनिटं थांबवत नाही म्हणतो. आजकालच्या लोकांना कशाचीच सवय नाही वगैरे. एका औषधाच्या दुकानाची तक्रारही आली आहे, गिऱ्हाइकांची साखर उतरत नाही म्हणून. "गोड खाणार हे, आणि दोष औषधाला."

आकडा ४.५. पुढच्या चार शीतघरांचा करार महिनाअखेरच्या सोमवारी.

२५ मार्च, मंगळवार

क्रमाने लिहिते.

सकाळी दहाला पडद्यावर ९. सव्वादहाला १३. अकराला १८. नव्या माणसाला फोन लागेना, मॅनेजर बाहेरगावी. रिक्षा करून सुटले, वाटेत सारखा फोन बघत. पोचले तेव्हा २१. मनात हिशेब चालू: आत्ता माल हलवला तर निम्मा वाचेल.

दार उघडलं आणि तोंडातून वाफ निघाली.

आत पांढरं झालं होतं सगळं. खोक्यांच्या पुठ्ठ्यावर बर्फ, छतावर बर्फ. एक खोकं फोडलं, बाटली हलवली, आतलं हललं नाही. फोनवर २१.४.

सेन्सर बिघडला असं वाटलं. मुठीत धरला, तोंडाची वाफ दिली. आकडा हलला नाही. सेन्सर उपटून काढला. २१.६. मग डबीची वायरच ओढली, दिवा विझला, डबी माझ्या हातात. फोनवर २१.९. बंद डबी हातात धरून मी उभी, आणि आकडा येतच होता.

मग मी घरी फोन केला. काय विचारायचं ते माझं मला कळायच्या आधी विचारलं. "आई, फ्रिज?"

"बंद केलाय अगं. केवढा बर्फ साचला होता. सकाळपासून दार उघडं टाकून पुसतेय. तुझी वायर तेवढी जपून बाजूला धरलीय."

"आणि डबी? ती चालू आहे?"

"चालूच असते की. फ्रिजमागचं पुसलं त्या दिवशी दिवा विझलेला दिसला, तेव्हा मीच बटण दाबलं. तुझं काम अडायला नको म्हणून."

डबी पुन्हा जोडून तिचा लॉग पाहिला. सात मार्च, पावणेबारापासून, दर दहा सेकंदांनी एकच ओळ. पोर्ट ९००५ आधीच वापरात आहे. दीड लाखाहून जास्त ओळी. वीज गेली त्या मिनिटात जुळीने दार धरलं, आणि मीच शिकवल्याप्रमाणे ही बिचारी दर दहा सेकंदांनी येत राहिली, मागे फिरत राहिली. मी तिला रिकामटेकडी म्हटलं. अठरा दिवस मी आमच्या भाजीचं तापमान बघत होते.

काकांची वही मॅनेजरच्या कपाटावर पडली होती. दहा तारखेपासून शून्याखाली. तासातासाला. अक्षर कुठेही हललेलं नाही.

२६ मार्च, बुधवार

मॅनेजरना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"थर्मोस्टॅट काल अडकला, गारवा थांबलाच नाही," ते म्हणाले. "कालचा माल फेकला. त्याआधीच्या नोंदी व्यवस्थित आहेत. तुमचाच आलेख जोडलाय."

"तो आलेख माझ्या फ्रिजचा आहे."

"हे तुम्हाला माहीत, मला माहीत. तिसऱ्याला कशाला?"

"दहा तारखेपासून बाहेर गेलेला माल?"

"गेला तो गेला. परत मागवला तर कंपनी बसेल आणि तुम्ही आत जाल. चार शीतघरं आहेत पुढे, विसरू नका."

"आणि काका?"

"त्यांचं वय झालंच होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातचा. तरी मी तिथे गप्प बसले. दिवसभर गप्प बसले. भीती वाटली म्हणून. आईला अजून सांगितलेलं नाही की बटण तिने दाबलं म्हणून हे झालं. तसं झालेलंही नाही. एकच किल्ली, एकच पोर्ट दोन डब्यांना मी दिला. सूचना मी बंद केल्या. वीस पावलं मी चालले नाही.

२७ मार्च, गुरुवार

पत्र लिहिलं. जे झालं ते सगळं, सही माझी. औषध निरीक्षकांच्या कचेरीत दिलं. कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, साहेब दौऱ्यावर, आठ दिवस लागतील. एक प्रत घेऊन काकांकडे गेले.

दोन खोल्यांचं घर. काकूंनी दार उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर बाजूला झाल्या, बसा म्हणाल्या नाहीत. काका खाली बसून चपलेचा पट्टा शिवत होते. मी उभ्यानेच पत्र दिलं. त्यांनी चष्मा शोधला आणि सावकाश वाचलं, एकदा मागे जाऊन पुन्हा वाचलं.

"म्हणजे काटा बरोबर होता," ते म्हणाले.

"हो. काका, मला माफ..."

"माफीचं मागाहून बघू." त्यांनी उशीखालून एक कागद काढला. "वही दिली नाही, पण माल कुठे गेला ते पाठ होतं. दहा तारखेपासून तेवीस दुकानं, मला काढल्यावरही त्याच ठरलेल्या दुकानांना. सोळा झाली माझी. रोज बसने दोन-तीन करतो. नऊ जणांनी ऐकलं, माल काढला. बाकीच्यांनी हाकललं. कामावरून काढलेला माणूस, कंपनीवर डूख धरून बोलतो म्हणतात. त्यांचं चूक नाही."

ही चप्पल त्यातच तुटली होती.

"ज्यांनी हाकललं ती सात आणि राहिलेली सात," ते म्हणाले. "तुम्ही जा. तुमचं ऐकतील. पत्र न्या."

काकू आतून म्हणाल्या, "पाणी तरी घेऊन जा." मी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

२९ मार्च, शनिवार

दोन दिवसांत बारा दुकानं झाली. सगळीकडे तेच. आधी हसतात, मग पत्र वाचतात, मग माल काढतात. एक जण म्हणाला, "ते म्हातारबाबा हेच सांगत होते की." मी म्हटलं, हो, हेच.

बाराव्या दुकानदाराने पत्र वाचलं आणि विक्रीची वही काढली. त्या खोक्यातल्या बाटल्या चौघांनी नेलेल्या. तिघांना माझ्यादेखत फोन केले. चौथे मागच्याच गल्लीतले, पूर्वी शिंपीकाम करायचे, आता थकलेत. "आठवडा झाला, आले नाहीत," तो म्हणाला. मी पत्ता घेतला.

सुनेने दार उघडलं. हातात नवऱ्याचा जेवणाचा डबा होता, दवाखान्यात निघाली होती. सासरे सोमवारपासून बेशुद्ध. दहा-बारा दिवस साखर उतरेना, म्हणून त्यांनी आपल्या मनाने इंजेक्शन वाढवत दुप्पट केलं. मग हिने दुसरीकडून नवी बाटली आणली. ती चांगली निघाली, आणि त्यांनी तीही दुप्पटच घेतली. रात्रीत साखर पार खाली गेली, सकाळी उठलेच नाहीत. डॉक्टर काही सांगत नाहीत.

मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. डबी, फ्रिज, बर्फ. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने ऐकून घेतलं, मग डबा खाली ठेवला.

"म्हणजे त्यांनी काही खाल्लं नव्हतं?"

"नाही. औषधच मेलेलं होतं."

"आम्ही रोज बोलत होतो त्यांना," ती म्हणाली. "चोरून गोड खाता म्हणून. नातवंडांसमोर. ते शपथेवर सांगायचे, एक कणही नाही खाल्ला. मी गोडाचे डबे कुलपात ठेवले. यांनी त्यांचे खिसे तपासले."

मग तिने विचारलं, बेशुद्ध माणसाला ऐकू येतं का?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

ती चपला घालायला लागली. मी डबा उचलला आणि तिच्याबरोबर निघाले.